तक्त्यावरचा जिना

विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून बसण्याचा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांवर कधी ना कधी येतो. काही वर्षांपूर्वी वसई तालुक्यातल्या एका शाळेत असाच मी बसलो होतो. नववीच्या तीन मुलींनी एमआरआय या विषयावर तक्ता आणि प्रतिकृती मांडली होती. जुन्या लाऊडस्पीकरमधली कडी-चुंबके काढून त्यांनी थर्माकोलचा बोगदा केला होता आणि आत पुठ्ठ्याचा रुग्ण सरकवला होता. अक्षर सुरेख, रंगसंगती नेटकी, विचारलेल्या प्रश्नांना न अडखळता उत्तरे. मी त्या मांडणीला पहिला क्रमांक दिला.

तो तक्ता आज मला पुन्हा तपासायचा आहे, कारण त्या वेळी मी तो नीट तपासला नव्हता. तक्त्याच्या मध्यभागी एक जिना काढलेला होता. पहिल्या पायरीवर क्ष-किरण, दुसरीवर सोनोग्राफी, तिसरीवर सीटी स्कॅन आणि सर्वांत वर एमआरआय. खाली तीन वाक्ये होती. पहिले : ‘एमआरआय शरीरातील सर्व अवयवांचे स्पष्ट फोटो काढतो.’ दुसरे : ‘पोटदुखीसारख्या तक्रारीचे नेमके कारण एमआरआयने हमखास कळते.’ तिसरे : ‘एमआरआयमध्ये किरणोत्सार नसल्याने तो पूर्णपणे सुरक्षित आहे.’ यात मुलींचा दोष नाही. अशी वाक्ये मार्गदर्शकांत, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि जाहिरातींत सतत भेटतात. त्यांनी ती विश्वासाने उतरवली आणि मीही विश्वासाने वाचली.

त्याच वर्षी पावसाळ्यात नालासोपाऱ्याला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्या तेरा वर्षांच्या मुलाच्या बेंबीभोवती सकाळपासून दुखत होते, दोनदा उलटी झाली होती. घरात विज्ञान शिकवणारा मी एकटाच, म्हणून सल्ला मला विचारला. मी म्हणालो, ‘‘चार ठिकाणी फिरण्यापेक्षा सरळ एमआरआय करून टाका. काय ते एकदाच कळेल.’’ ओळखीच्या एका डॉक्टरांनी मुलाला न पाहताच चिठ्ठी दिली. तो शनिवार होता. स्कॅन केंद्रात नंबर सोमवारचा मिळाला. रविवारी दुपारी दुखणे एकाएकी कमी झाले. आम्हाला हायसे वाटले. रात्री मात्र ताप चढला आणि पोट फळीसारखे कडक झाले.

रुग्णालयातल्या शल्यविशारदांनी मुलाला दोन-तीन प्रश्न विचारले, पोटावर हात ठेवला, रक्त तपासायला पाठवले, सोनोग्राफी केली. अर्ध्या तासात त्यांनी आम्हाला आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, फुटल्याचे सांगितले. दुपारी दुखणे थांबले होते ते त्यामुळेच. फुगलेले आंत्रपुच्छ फुटले की त्यातला ताण जातो आणि काही काळ आराम वाटतो. पुढे पू पोटात पसरतो. रात्रीच शस्त्रक्रिया झाली. मुलगा बारा दिवस रुग्णालयात होता, पण वाचला. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी मला विचारले, ‘‘सर, शनिवारी कोणी याच्या पोटाला हात लावला नव्हता का?’’ माझ्यापाशी उत्तर नव्हते. जिन्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर चढायच्या नादात आम्ही खालचा उंबराच ओलांडला नव्हता.

तक्त्यावरची ती तीन वाक्ये आता एकेक करून पाहू.

पहिले वाक्य : ‘सर्व अवयवांचे स्पष्ट फोटो’

एमआरआय फोटो काढत नाही. त्या बोगद्यात प्रकाशाचा संबंध येत नाही. यंत्र ऐकते ते हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचे, म्हणजे प्रोटॉनांचे. आपल्या शरीराचा निम्म्याहून अधिक भाग पाणी आहे आणि उरलेल्यात चरबी पुष्कळ, त्यामुळे हायड्रोजनची वाण नाही. प्रत्येक प्रोटॉन इवल्या चुंबकासारखा वागतो. एरवी हे चुंबक वाटेल त्या दिशेला तोंड करून असतात. दीड टेस्लाच्या क्षेत्रात, म्हणजे मुंबई परिसरातल्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३५,००० पट तीव्र क्षेत्रात, त्यांच्यापैकी थोडे अधिक क्षेत्राच्या दिशेने वळतात. हे ‘थोडे अधिक’ किती? शरीराच्या तापमानाला दहा लाखांत सुमारे पाच. इतक्या अल्प आधिक्यावर सगळी प्रतिमा उभी राहते. एक मिलिलिटर पाण्यात प्रोटॉनांची संख्याच ६ वर २२ शून्ये इतकी प्रचंड असल्याने हे आधिक्यही पुरेसे ठरते.

हे प्रोटॉन भोवऱ्यासारखे डुलत असतात. दीड टेस्लाला त्यांची डुलण्याची कंप्रता सुमारे ६४ मेगाहर्ट्झ असते, म्हणजे एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या जरा खाली. नेमक्या याच कंप्रतेचा रेडिओतरंग सोडला तर ते ऊर्जा घेतात. झोक्याला त्याच्या तालात ढकलले तरच तो वाढतो, तसे हे अनुस्पंदन. तरंग थांबला की प्रोटॉन पूर्वस्थितीला येताना क्षीण संदेश देतात. क्षेत्राची तीव्रता जागोजागी जाणूनबुजून किंचित बदललेली असते, त्यामुळे कोणत्या कंप्रतेचा संदेश कुठून आला हे काढता येते. जागा ओळखण्याची ही युक्ती पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांनी काढलेली पहिली प्रतिमा पाण्याने भरलेल्या दोन बारीक नळ्यांची होती. पीटर मॅन्सफील्ड यांनी प्रतिमा झपाट्याने मिळवण्याचे गणित दिले. दोघांना २००३ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

यंत्र कशाला ऐकते हे कळले की त्याला काय ऐकू येत नाही हेही कळते. दगडात मोकळे पाणी नाही. मूत्रनलिकेत अडकलेला मुतखडा स्वतः काहीच संदेश देत नाही. तो प्रतिमेत काळ्या ठिपक्यासारखा राहतो आणि लहान असला तर निसटून जातो. मुतखड्याची कळ ही माणसाला गडाबडा लोळवणाऱ्या पोटदुखींपैकी एक, आणि तिथे जिन्यावरची ‘खालची’ पायरी, म्हणजे सीटी स्कॅन, अधिक कामाची. हवेचेही तसेच. जठराला किंवा आतड्याला भोक पडून पोटात हवा निसटली, तर उभ्याने काढलेल्या छातीच्या साध्या क्ष-किरणचित्रात ती मध्यपटलाखाली चंद्रकोरीसारखी दिसू शकते. हे चित्र दोन मिनिटांत निघते आणि त्यावरून शस्त्रक्रियेचा निर्णय होऊ शकतो.

शिवाय पोट स्वस्थ बसत नाही. मेंदू कवटीच्या पेटीत स्थिर असतो, म्हणून एमआरआयचे पहिले मोठे यश तिथले. पोटात मध्यपटल प्रत्येक श्वासाला सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वरखाली होते आणि आतड्यांच्या लाटा चालूच असतात. म्हणून रुग्णाला ‘श्वास रोखा’ असे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. कळांनी तळमळणाऱ्या माणसाला वीस सेकंद श्वास रोखून निश्चल पडायला सांगणे किती अवघड, हे वेगळे सांगायला नको.

दुसरे वाक्य : ‘नेमके कारण हमखास’

या वाक्यात खरा घोटाळा आहे. एमआरआय रचना दाखवतो. दुखणे कुठे आणि का होते, हे त्याला दिसत नाही. माझ्या भाच्याचेच उदाहरण घ्या. आंत्रपुच्छ उजवीकडे खाली असते, पण दुखायला सुरुवात झाली बेंबीभोवती. कारण आंत्रपुच्छातून निघणारे संवेदी तंतू मज्जारज्जूत ज्या पातळीला शिरतात, साधारण त्याच पातळीला बेंबीभोवतालच्या त्वचेचे तंतूही शिरतात. मेंदूला बातमी मिळते, पत्ता मात्र ढोबळ मिळतो. काही तासांनी दाह पोटाच्या आतल्या अस्तरापर्यंत पोहोचला की दुखणे उजवीकडे खाली सरकते आणि बोटाने दाखवता येते. कमरेच्या हाडाचे पुढचे टोक आणि बेंबी यांना जोडणाऱ्या रेषेवर, हाडापासून एक तृतीयांश अंतरावर, हा दुखरा बिंदू असतो. चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये त्याचे वर्णन केले, आणि आजही डॉक्टरांची बोटे तिथेच जातात. सर्वच रुग्णांत चित्र इतके स्वच्छ नसते. लहान मुले, म्हातारी माणसे आणि गरोदर स्त्रिया यांच्यात ते फसवे असू शकते. पण ‘दुखायला कुठे लागले आणि मग कुठे सरकले’ या एका प्रश्नात जी माहिती आहे, ती कुठल्याही चुंबकाला काढता येणार नाही.

पोटदुखीचे कारण पुष्कळदा पोटात नसतेही. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका कधी कधी वरच्या पोटात दुखून येतो. तिथे ईसीजी हवा. मधुमेह हाताबाहेर गेला तर पोटात दुखून उलट्या होतात. तिथे रक्तातली साखर आणि लघवी तपासावी लागते. मुलांच्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया झाला तरी मूल पोटच धरते. स्वादुपिंडाच्या दाहात रक्तातली विकरे वाढतात.

आपल्या पालघर जिल्ह्याचे एक उदाहरण तर प्रत्येक शिक्षकाला ठाऊक हवे. जिल्ह्यातल्या आदिवासी समाजात सिकलसेल आजार आढळतो. या आजारात प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या आणि ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, पोटात असह्य वेदना होतात. या पेशी लवकर फुटतात, त्यामुळे रक्तातले पित्तरंगद्रव्य वाढते आणि लहान वयातच पित्तखडे होऊ शकतात. आश्रमशाळेतले मूल पुन्हा पुन्हा पोट धरून बसत असेल, तर पहिला शोध रक्ताच्या विद्राव्यता चाचणीने घ्यायचा. थेंबभर रक्त आणि अगदी थोडा खर्च. ती सकारात्मक आली तर पुढची खात्रीची तपासणी करतात. १ जुलै २०२३ रोजी देशपातळीवर सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ० ते ४० वयोगटातल्या सात कोटी लोकांची तपासणी योजलेली आहे. तक्त्यावरच्या जिन्याला या चाचणीसाठी पायरीच नव्हती.

एमआरआयचे श्रेय

इथवर वाचून कोणाला वाटेल की एमआरआय पोटासाठी निरुपयोगी आहे. तसे म्हणणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. काही ठराविक प्रश्नांना त्याच्याइतके चांगले उत्तर क्वचितच दुसरे कोणी देते.

गरोदर स्त्रीच्या पोटात उजवीकडे दुखते आहे. वाढत्या गर्भाशयामुळे आंत्रपुच्छ वर सरकलेले, सोनोग्राफीत ते सापडत नाही. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये सुमारे ८ ते १० मिलिसिव्हर्ट प्रारण मिळते, म्हणजे निसर्गातून आपल्याला तीन-चार वर्षांत मिळते तितके. गर्भासाठी ते शक्यतो टाळायचे असते. इथे रंगद्रव्याचे इंजेक्शन न देता केलेला एमआरआय मोठे काम करतो. दुसरा प्रश्न पित्तनलिकेतल्या खड्याचा. साचलेल्या द्रवाचा संदेश दीर्घकाळ टिकतो, इतर ऊतींचा लवकर विरतो. म्हणून थोडे थांबून ऐकले की फक्त पित्त उजळ दिसते आणि त्या उजेडात खडा काळ्या भोकासारखा उठून दिसतो. इथे खड्याचे ‘न बोलणे’च उपयोगी पडते. हे तंत्र १९९१ पासून वापरात येऊ लागले. त्यापूर्वी पित्तनलिकेचे असे स्पष्ट चित्र हवे असेल, तर पुष्कळदा तोंडातून दुर्बीण घालून नलिकेत रंगद्रव्य सोडावे लागे. आतड्याच्या दीर्घ दाहाचे तरुण रुग्ण, ज्यांची तपासणी आयुष्यभर पुन्हा पुन्हा करावी लागते, त्यांनाही प्रारण नसलेले हे साधन सोयीचे. गर्भाशयाबाहेर वाढणाऱ्या त्याच्या अस्तरामुळे दर महिन्याला दुखणे सोसणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीतही त्याची मदत होते.

या प्रतिमांमागे एक गोष्ट आहे, तिचा मुंबईशी संबंध आहे. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अरनॉल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांना असे दिसले की, इथिल अल्कोहोलमधले सगळे हायड्रोजन एकाच कंप्रतेला अनुस्पंदित होत नाहीत. शेजारी कोणते अणू आहेत त्याप्रमाणे संदेश किंचित सरकतो आणि एकाऐवजी तीन शिखरे मिळतात. यांतले एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे त्यांनी या विषयाची प्रयोगशाळा उभी केली. हाच फरक पाणी आणि चरबी यांच्यात आहे. दीड टेस्लाला त्यांच्या कंप्रता सुमारे २२० हर्ट्झने वेगळ्या असतात. ६४ मेगाहर्ट्झच्या मानाने हे अंतर नगण्य, पण पुरेसे. पोटात चरबी भरपूर. ती उजळ दिसली की दाहामुळे साचलेले पाणी तिच्यात लपते. म्हणून चरबीच्या कंप्रतेवर आधी एक रेडिओतरंग देऊन तिला गप्प करतात. मग सुजलेल्या आंत्रपुच्छाभोवतीचे पाणी चमकून दिसते. अल्कोहोलच्या नळीत दिसलेला फरक असा रुग्णाच्या कामी येतो. तक्त्यावर ही एक ओळ असती तर मी त्याला दोनदा पहिला क्रमांक दिला असता.

तिसरे वाक्य : ‘पूर्णपणे सुरक्षित’

एमआरआयमध्ये आयनकारी प्रारण नाही, हे खरे. पण त्यावरून ‘पूर्णपणे सुरक्षित’ हा निष्कर्ष निघत नाही. रुग्णालयांतल्या बहुतेक एमआरआय यंत्रांचे चुंबक अतिसंवाहक तारांचे असते आणि द्रव हेलियमने उणे २६९ अंश सेल्सियसपर्यंत थंड ठेवलेले असते. तारेला रोधच नसल्याने एकदा सुरू केलेला प्रवाह वाहतच राहतो. रुग्ण नसताना, रात्री, अगदी वीज गेली तरीही चुंबक चालूच असते. ‘आता मशीन बंद आहे’ हे वाक्य तिथे खोटे असते.

नोव्हेंबर २०१४ मध्ये खारघरच्या कर्करोग संशोधन केंद्रात ऑक्सिजनचे लोखंडी नळकांडे एमआरआय यंत्राकडे खेचले गेले आणि दोन कर्मचारी सुमारे चार तास त्यात अडकून पडले. २७ जानेवारी २०१८ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात रुग्णासोबत आलेला ३२ वर्षांचा एक नातेवाईक असेच नळकांडे घेऊन त्या खोलीत गेला आणि प्राणास मुकला. आपण शाळेत चुंबकाचे गुणधर्म शिकवतो, टाचण्या उचलून दाखवतो. ज्या मुलांना आपण हे शिकवतो, तीच उद्या रुग्णासोबत त्या दाराशी उभी राहणार आहेत. लोखंड, चाव्या, नाणी, केसांच्या पिना बाहेर ठेवायच्या आणि शरीरात पेसमेकर किंवा कोणताही धातू असल्यास आधी सांगायचे, ही माहिती ‘पूर्णपणे सुरक्षित’ या दोन शब्दांनी झाकली जाते.

जिन्याऐवजी काय?

जिना हे चित्रच या विषयाला लागू पडत नाही. सुतार पटाशीला करवतीपेक्षा खालची पायरी देत नाही. काय करायचे आहे ते पाहून तो हत्यार उचलतो. तक्त्याच्या डाव्या बाजूला प्रश्न लिहावेत आणि उजवीकडे साधने. पोटात हवा निसटली आहे का? उभ्याने क्ष-किरणचित्र. पित्ताशयात खडे आहेत का? सोनोग्राफी. मूत्रनलिकेत खडा? सीटी स्कॅन. पित्तनलिकेत खडा, किंवा गरोदरपणात आंत्रपुच्छाचा संशय आणि सोनोग्राफीत काही ठरत नाही? एमआरआय. सर्वांच्या आधी मात्र, मोठ्या अक्षरांत : दुखायला केव्हा, कुठे लागले हे विचारणारा आणि पोटावर हात ठेवणारा डॉक्टर.

२०११ च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या सुमारे बारा लाख होती. तेव्हापासून ती वाढतच आहे आणि स्थानकांबाहेर स्कॅन केंद्रांच्या पाट्याही वाढल्या आहेत. ही सोय झाली हे चांगलेच आहे. पूर्वी यासाठी रुग्णाला लोकलमधून मुंबई गाठावी लागे. पण यंत्र जवळ आले म्हणून प्रश्न विचारण्याचे काम संपले, असे आपल्या घरांत समजले जाऊ लागले आहे. माझ्याच घरात ते समजले गेले होते, आणि समजूत मी पुरवली होती.

परीक्षकांच्या गुणपत्रिकेत मांडणी, कल्पकता, उपयुक्तता, सादरीकरण असे रकाने असतात. त्यानंतरच्या प्रदर्शनांत मी एक प्रश्न स्वतःच्या मनाने जोडला आहे. कोणत्याही उपकरणाच्या तक्त्यापुढे उभा राहिलो की मुलांना विचारतो, ‘‘याला काय दिसत नाही?’’ पहिल्या वर्षी कोणालाच सांगता आले नाही. गेल्या खेपेस दुर्बिणीवर तक्ता केलेल्या सातवीच्या एका मुलाने थोडा विचार करून सांगितले, ‘‘सर, ढगापलीकडचं.’’ त्याला मी पूर्ण गुण दिले.